कासवाची मिरवणूक

मुंग्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू यायचा, त्या काळातली ही गोष्ट. भातखाचरांमधल्या अरुंद बांधावरून एक कासव पाठीवर घर घेऊन चाललं होतं. मागे वळून बघतं तर काय, मुंग्या, उंदीर, सरडे यांची ही लांबलचक रांग!

"अरे वा, माझी मिरवणूक!" कासव आणखीच ऐटीत, आणखीच हळू चालू लागलं.

"कासवदादा, मिरवणूक कसली?" मुंगी ओरडली. "मागून पाटाचं पाणी येतंय. तुम्हाला पोहता येतं, आमची अंडी वाहून जातील!"

कासव ओशाळलं आणि चटकन कडेला सरकलं. सगळे भराभर पुढे गेले.

कासव पुन्हा निघालं. समोर उंचवट्यावर तीच मंडळी सुखरूप पोचून नाचत होती. "आले, आले, कासवदादा आले!"

कासव आयुष्यात पहिल्यांदा धावलं.