रुंजीच्या आईची मूठ

डोंगराच्या पायथ्याशी फुलांचा एक मळा होता. पिवळीधम्मक शेवंती, केशरी अबोली आणि दुधासारखा पांढराशुभ्र मोगरा! मळ्याच्या कडेला पत्र्याच्या इवल्याशा खोपटात रुंजी आणि तिची आई राहायच्या. आई मालकाची फुलं खुडायची, गजरे ओवायची, आणि त्यावरच दोघींची चूल पेटायची.

एका सकाळी ठण्णकन आवाज झाला. रुंजी दचकून उठली. बघते तर काय, तांब्या जमिनीवर लोळतोय, पाणी सगळीकडे पसरलंय आणि आई डोळे विस्फारून स्वतःच्याच हातांकडे बघतेय!

"आई, काय झालं गं?"

"बोटंच वळत नाहीत बघ. रोज सकाळी आखडतात, उन्हं वर आली की सुटतात. पण आज तांब्यासुद्धा धरवेना."

रुंजीनं आईचे हात हातात घेतले आणि चटकन सोडले. दोन्ही हातांची बोटं मुळाशी टम्म सुजली होती, आणि सांधे चक्क गरम लागत होते!

आईच्या वाटची फुलं खुडायला रुंजी मळ्यात धावली. गुलाबाच्या काट्यांत काहीतरी फडफडत होतं. फुलपाखरू? छे! करंगळीएवढी परी होती ती! रुंजी आ वासून बघतच राहिली. मग तिनं अलगद काट्यांत हात घातला. हातावर ओरखडे उठले, रक्ताचे थेंब आले, पण परीच्या चंदेरी पंखांना तिनं धक्का लागू दिला नाही.

"मी लुकलुकी," सुटलेली परी रुंजीच्या हातावर मोगऱ्याचं एक फूल ठेवत म्हणाली. "तुझ्या दोन इच्छा मी पुरवीन. पण नियम ऐक हं. मागशील तेवढंच मिळेल, तीळभरही जास्त नाही. हे मोगऱ्याचं फूल सुकलं की इच्छेचा गुण संपला. आणि आजार पुसून टाकणं काही आम्हा पऱ्यांच्या हातात नसतं."

"माझ्या आईचे हात दुखायचे थांबू देत!" रुंजी एका दमात म्हणाली. फूल लखकन चमकलं. ते ओंजळीत धरून ती घरी पळाली.

आई हसत हसत गजरे ओवत होती. "रुंजे, दुखणं कुठल्या कुठे पळालं गं!"

रुंजी आनंदानं नाचणार, तेवढ्यात तिची नजर आईच्या बोटांवर गेली आणि ती जागच्या जागी थिजली. सूज तशीच होती. उलट आणखी लाल झाली होती. आणि त्याच बोटांनी आई भराभर दोरा ओढत होती!

रुंजी रडत मळ्यात परतली. "तू मला फसवलंस!"

"नाही गं सोन्या. दुखणं थांबव म्हणालीस, मी थांबवलं. पण आतला आजार तसाच आहे, तो आमच्या हातात नाही."

"मग मला आतलं दाखव!"

"हे नुसतं दाखवणं, इच्छेत धरत नाही हं," लुकलुकी म्हणाली आणि झगमग उजेड पसरला. त्यात रुंजीला आईच्या बोटातला सांधा दिसला, मऊ गुलाबी अस्तराच्या चिमुकल्या खोलीसारखा. शरीराचे पहारेकरी, जे रोगजंतूंना पळवून लावतात, तेच तिथे घुसून खोलीच्या भिंती फोडत होते!

"अरे, थांबा! ते आपलंच घर आहे!" रुंजी किंचाळली. कुणी ऐकलं नाही. टचकन हाडाचा एक टवका उडाला.

"यांना आवरायला डॉक्टर हवेत," लुकलुकी हळूच म्हणाली. "आणि लवकर हवेत."

रुंजीनं घरी येऊन हे सांगितलं, पण आई कुठली ऐकायला! "दुखत नाही, तर दवाखाना कशाला? गजरे कोण ओवणार?"

"आई, मूठ वळून दाखव."

आईनं हसून बोटं मिटली. ती अर्ध्यावरच अडली. आईचं हसू मावळलं. तिनं पुन्हा जोर लावला. बोटं हलेनात. तिनं पायांत चपला सरकवल्या.

तालुक्याच्या दवाखान्यात नलावडे डॉक्टरबाई होत्या. त्यांनी विचारलं, "सकाळी हात किती वेळ आखडतात?"

"तासभर तरी. कधी जास्तच. दिवाळीपासून चाललंय."

"पाय?"

"तळवेपण ठणकतात."

डॉक्टरबाईंनी बोटांच्या मुळाशी हलकेच दाबलं. नेमकं तेव्हाच रुंजीच्या ओंजळीतलं फूल सुकलं. "आई गं!" आई कळवळली. पहिल्या इच्छेचा गुण संपला होता.

मग रक्त तपासलं, हातापायांचे एक्स-रे फोटो काढले. सगळं बघून डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा आमवात आहे. शरीराचे रक्षकच चुकून आपल्या सांध्यांवर तुटून पडतात."

"मी पाहिलंय त्यांना!" रुंजी ओरडली. डॉक्टरबाई चकित होऊन तिच्याकडे बघतच राहिल्या.

"नुसती दुखण्याची गोळी घेऊन भागत नाही," त्या आईला म्हणाल्या. "त्या रक्षकांना शांत करणारं औषध देते. आठवड्यातून एकदाच घ्यायचं, रोज मुळीच नाही. गुण यायला वेळ लागेल, रक्त मधूनमधून तपासावं लागेल. आजार आटोक्यात राहील. वेळेवर आलात."

सुरुवातीला काहीच फरक पडेना. रुंजी धास्तावली. पण आईनं औषध सोडलं नाही. हळूहळू सूज उतरली, सकाळी हात लवकर मोकळे होऊ लागले.

एके दिवशी अबोलीच्या वाफ्यात लुकलुकी पुन्हा भेटली. "दुसरी इच्छा उरलीय. आता तुझ्यासाठी माग काहीतरी. रेशमी झगा? सोन्याची पैंजणं?"

"आईबरोबर फुलं खुडणाऱ्या गोदाकाकूंची बोटंही सकाळी आखडतात गं," रुंजी म्हणाली. "दवाखान्यात चला म्हणून मी सांगते, पण लहान पोरीचं त्या ऐकतच नाहीत. माझं खरं बोलणं सगळ्यांना पटू दे."

लुकलुकीचे पंख फडफडायचेच थांबले. अशी मागणी तिनं कधी ऐकलीच नव्हती! तिनं रुंजीच्या कपाळावर चिमुकला हात टेकवला. "तुझं खरं बोलणं आता सगळ्यांना पटेल." आणि सोनेरी, निळ्या, गुलाबी उजेडात ती विरघळून गेली.

दुसऱ्या दिवशी गोदाकाकूंचा हात धरून दवाखान्यात जायचं होतं. आई रुंजीच्या मागे बसली आणि तिनं वेणी घातली, घट्ट, अगदी करकचून.

"आई, दुखतंय ना!" रुंजी ओरडली, आणि दुसऱ्याच क्षणी गर्रकन वळून आईच्या हातांकडे बघू लागली. त्या हातांत पुन्हा एवढा जोर आला होता!