ठकूबाईचा स्टोव्ह

एका डोंगराच्या पायथ्याला, जिथे गाडीरस्ता संपतो आणि पायवाट सुरू होते तिथे, धावजी आणि ठकूबाई असे एक म्हातारे जोडपे राहत होते. मुली लग्न होऊन दूरच्या गावी गेल्या होत्या. घरात दोघेच. दरवर्षी होळी सरली की दोघे वरच्या पठारावर जात, गवताची खोप बांधत आणि हिरडे गोळा करत. हंगाम संपेपर्यंत ती खोपच त्यांचे घर. धावजी झाडावर चढून फांद्या हलवी, ठकूबाई खाली हिरडे वेची. दुपारच्याला ती तीन दगडांची चूल पेटवी आणि दोघे सावलीत बसून गरम भाकरी खात.

त्या वर्षी ठकूबाईला दम लागू लागला. चढणीवर ती दर वळणाला बसे. त्याहून वाईट म्हणजे चुलीचा धूर. फुंकणी तोंडाला लावली की खोकल्याची उबळ येई, आणि मग बराच वेळ तिला बोलता येत नसे.

"तू यंदा घरीच राहा," धावजी म्हणाला. "मी एकटा जाईन."

"आणि खाल काय? झाडपाला?" असे म्हणून ठकूबाई गाठोडे बांधू लागली.

ती ऐकणार नाही हे धावजीला ठाऊक होते. पण तिचा तो खोकला त्याच्या मनाला लागून राहिला. यंदा ठकूच्या डोळ्यांत धूर जाऊ द्यायचा नाही, असे त्याने ठरवले आणि तिला काही न सांगता तो आठवड्याच्या बाजाराला गेला.

बाजारात मोमीनचाचांचे दुकान होते. कंदील, बत्त्या आणि प्रवासात नेता येतील असे छोटे स्टोव्ह ते विकत. त्यांनी तीन स्टोव्ह मांडले आणि एकेक पेटवून दाखवला. पहिला स्पिरिटचा. पितळेची जाड वाटी, तिचे झाकण आणि वर भांडे ठेवायला तिवई, इतकेच. त्याची ज्योत इतकी फिकट होती की उन्हात दिसेचना. धूर नाही, आवाज नाही, पण पाणी तापायला वेळ फार. दुसरा रॉकेलचा. आधी त्याचे तोंड तापवायचे, मग पंप मारायचा, तेव्हा कुठे तो फुरफुरू लागला. भरवशाचा होता, पण वासाने नाक भरून गेले. तिसरा पेट्रोलचा. त्याला काडी लावताच तो असा गर्जला की शेजारच्या दुकानांतली माणसे वळून बघू लागली. भांड्यातले पाणी बघता बघता उसळ्या मारू लागले.

बघणाऱ्यांत लुमाजी होता. पठारावर त्याची खोप धावजीच्या खोपीला लागूनच असे. गेल्याच वर्षी त्याने असला स्टोव्ह नेला होता.

"घे, घे!" लुमाजी म्हणाला. "माझा पेटला की अख्ख्या पठाराला कळतं. घ्यायचं तर असं घ्यावं."

चाचांनी धावजीला विचारले, "दादा, हा पेटवणार कोण? तुम्ही की घरची माणसं?"

"घरची."

"मग त्यांना एकदा इथं आणा. त्यांच्या हाताला कोणता बरा वाटतो ते बघू. पेट्रोल भडकायला वेळ लागत नाही."

एवढी साधी गोष्ट, पण ती धावजीला टोचली. लुमाजी बघत होता, माणसे बघत होती. "माझी ठकू कशाला भिणारी नाही," असे म्हणून त्याने पेट्रोलचा स्टोव्ह आणि पेट्रोलची बाटली पिशवीत घातली.

पठारावर पोचल्यावर त्याने स्टोव्ह बाहेर काढला तेव्हा आजूबाजूच्या खोपींतली माणसे गोळा झाली. धावजीने सगळ्यांदेखत तो पेटवला. स्टोव्ह गर्जला. कोणी म्हणाले, "वा, ठकूवहिनी, आता तुमची ऐट आहे!"

"तुझ्यासाठी आणलाय," धावजी म्हणाला. "आता फुंकणी नको, धूर नको."

ठकूबाईने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिले. त्याचे डोळे आनंदाने चमकत होते. "छान आहे हो," ती म्हणाली.

मग कामाला सुरुवात झाली. धावजी सकाळी लांबच्या झाडांकडे जाई. दम लागत असल्याने ठकूबाई खोपीजवळचे हिरडे वेची आणि वाळत घाली. दुपारी तो परते तेव्हा दोन्ही वेळच्या भाकरी तयार असत. स्टोव्ह कोपऱ्यात चकचकीत पुसून ठेवलेला असे. सगळे व्यवस्थित होते, फक्त ठकूबाईचा खोकला कमी होत नव्हता. उलट वाढतच होता. वयाचा असेल, असे धावजीला वाटले. तो येताना अडुळशाची पाने आणी, स्वतः स्टोव्ह पेटवून त्यांचा काढा करून तिला पाजी आणि तिची पाठ चोळून देई.

एके दिवशी धावजीच्या पायात काटा मोडला. झाडावर चढता येईना, म्हणून तो सकाळीच लंगडत परत निघाला. लांबून त्याला खोपीमागच्या झुडपांतून धूर निघताना दिसला. पठारभर गवत वाळलेले होते. कुठे वणवा लागला की काय, म्हणून तो दुखऱ्या पायाने पळत सुटला.

झुडपांच्या आड तीन दगड मांडले होते. त्यांच्यासमोर ठकूबाई बसली होती. हातात फुंकणी होती आणि खोकून खोकून तिचा जीव अर्धा झाला होता. तिने धावजीला पाहिले, काही बोलायला गेली, पण तिला श्वासच घेता येईना. धावजीने तिला धरून मोकळ्या वाऱ्यात आणले, पाणी पाजले. बऱ्याच वेळाने तिचा श्वास जागेवर आला.

मग धावजीचा राग उसळला. "हे काय चाललंय? मी काय शोभेसाठी आणला का तो स्टोव्ह?"

ठकूबाईने पदर सावरला, तेव्हा बांगड्या मागे सरकल्या आणि धावजीला तिच्या मनगटावरचा भाजल्याचा डाग दिसला. त्यावर कोरफडीचा गर लावलेला होता. पदराचे टोकही करपलेले होते.

"हे कधी झालं?"

"पहिल्याच दिवशी," ठकूबाई हळूच म्हणाली. "तुम्ही गेल्यावर मी पेटवला. एकदम भडका उडाला. वर खोपीचं गवत… माझं काळीजच थांबलं. तेव्हापासून त्याला काडी लावायचं धाडस होत नाही."

"मग मला सांगायचं होतंस."

"तुम्ही एवढ्या हौसेनं आणलात. सगळ्यांना दाखवलात. कसं सांगणार?"

धावजीचा राग कुठल्या कुठे गेला. तो तिथेच खाली बसला. ही रोज धुरात गुदमरत होती आणि आपण वर तिला काढा पाजत होतो! त्याने तिचा भाजलेला हात आपल्या हातात घेतला आणि विचारले, "ठकू, तुला कशी चूल हवी?"

ठकूबाई हसली. "मला? असं कोणी विचारतं का?"

"मी विचारतोय. सांग."

ती विचार करून म्हणाली, "गर्जणारी नको. भडका उडणारी तर नकोच. पंप मारायची ताकद आता हातात नाही, आणि वासानं माझी छाती भरते. मला आपली अशी द्या, की जी मीच पेटवीन आणि मीच विझवीन. उशीर लागला तर लागू दे."

दुसऱ्या दिवशी धावजीने काटा काढलेल्या पायाला फडके गुंडाळले, स्टोव्ह पिशवीत घातला आणि डोंगर उतरायला निघाला. वाटेत लुमाजी भेटला. सगळे कळल्यावर तो मोठ्याने हसला.

"ऐन हंगामात काम सोडून खाली निघालास? बायको घाबरते म्हणून? अरे, चार दिवसांनी सवय होईल तिला."

"भीतीची सवय कशाला लावू?" धावजी म्हणाला आणि चालू लागला.

मोमीनचाचांनी पेट्रोलचा स्टोव्ह परत घेतला आणि स्पिरिटचा दिला, सोबत स्पिरिटची बाटलीही. देताना बजावले, "जळत असताना त्यात स्पिरिट ओतायचं नाही. उन्हात ज्योत दिसत नाही, विझली असं समजून फसायचं नाही. वरती हात धरून ऊब लागते का बघायचं. विझवायचं झालं की झाकण ठेवायचं."

धावजीने वर येऊन ते सगळे ठकूबाईला तसेच्या तसे सांगितले. मग त्याने खोपीपासून दूर जमीन साफ केली, वाळके गवत उपटून टाकले आणि वारा लागू नये म्हणून सपाट दगडांचा आडोसा रचला. ठकूबाईने काडी ओढली. वाटीत ज्योत पेटली. तिने वर हात धरून पाहिले आणि तिचा चेहरा उजळला. मग गंमत म्हणून झाकण ठेवून विझवली आणि पुन्हा पेटवली.

चहाला खरोखरच उशीर लागला. धावजी समोर बसून वाट बघत राहिला. इतकी वर्षे चूल पेटली की ठकूबाई धुरात आणि तो दूर सावलीत, अशीच सवय होती. आता बसल्या बसल्या दोघे बोलू लागले. मुलींच्या लहानपणीच्या गोष्टी निघाल्या. पाणी उकळले तरी दोघांच्या लक्षात आले नाही. पुढे रोजचेच तसे झाले. आणि हळूहळू ठकूबाईचा खोकलाही बसला.

एके संध्याकाळी लुमाजीची बायको चांगुणा चहाला आली. तिने त्या फिकट ज्योतीकडे पाहिले, ठकूबाईला मोकळेपणी स्टोव्हजवळ बसलेले पाहिले, आणि तिचे डोळे भरून आले.

"वहिनी, तुमचं बरं आहे," ती म्हणाली. "आमचा तो पेटला की मी देवाचं नाव घेते. वर्ष झालं, रोज."

लुमाजी बायकोला बोलवायला आला होता. तो मागेच उभा होता. त्याने ते ऐकले आणि त्याचे तोंड उतरले.

"मग मला कधी बोलली नाहीस?" त्याने विचारले.

चांगुणा म्हणाली, "तुम्ही कधी विचारलंत?"

ठकूबाईने सरकून लुमाजीला जागा करून दिली. तो बायकोशेजारी बसला आणि खाली मान घालून, अगदी हळू आवाजात, त्याने तिला विचारले, "मग तुला चूल कशी हवी?"

तात्पर्य: नुसत्या हौसेने दिलेली वस्तू आपल्या माणसाला सुख देईलच असे नाही. ज्याच्यासाठी आणायची त्यालाच आधी विचारावे, आणि चार लोक हसले तरी त्याचेच ऐकावे.