सगुणच्या गळ्यातली पाटी

गोव्यात, पेडण्याकडच्या एका गावात, सगुण नावाचा एक भोळा गडी होता. आपल्या टाळक्यात ओलं खोबरं भरलंय, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगे. अलीकडे त्या टाळक्याला घेरी येऊ लागली, तेव्हा बायको सुहासिनी घाबरली. लिस्बनहून आलेली दोतोर बाई देवळाच्या मंडपात लोकांना तपासत होती. सुहासिनीनं त्याला तिथं मदतीला धाडलं आणि तपासून घेतल्याशिवाय परतायचं नाही, असं बजावलं.

बाईंनी त्याच्या हाती दोन तऱ्हेच्या पाट्या दिल्या. पुढे पोर्तुगीज, मागे इंग्रजी. चारचौघांत रोग्याला लाज नको, म्हणून परकी भाषा. औषधच घेत नाही, त्याच्या गळ्यात 'नांव त्रातादु', म्हणजे अनट्रीटेड. औषध घेऊनही आजार आटोक्यात नाही, त्याच्या गळ्यात 'माल कोंत्रोलादु', म्हणजे अनकंट्रोल्ड. सगुणनं दोन्ही शब्द घोकून पाठ केले.

पहिला आला पाववाला पास्कू, पाव द्यायला. औषध घेतोस का? तो नाही म्हणाला. सगुणनं 'नांव त्रातादु' अडकवली. बाईंनी त्याला नखशिखान्त तपासलं, काही सापडेना. आधी आजार आहे का ते विचार, असं त्यांनी सगुणला सांगितलं.

मग आली आनामारी मावशी. दहा वर्षं मधुमेह, गोळ्या नेमानं. आजार आहे का? आहे. झालं, 'नांव त्रातादु'. गोळ्यांचं विचारायचं राहूनच गेलं. बाई वैतागल्या. जवळ औषध आहे का ते बघत जा, म्हणाल्या.

मग औषधांची खोकी घेऊन दुकानदार आला. सगुणनं 'माल कोंत्रोलादु' अडकवली. खोकी फारच होती, म्हणून एक पाटी पाठीवरही.

बाईंनी कपाळाला हात लावला आणि शेवटी सगुणलाच तपासलं. रक्तदाब भलताच चढलेला. त्यांनी तीस गोळ्यांची डबी दिली.

"रोज सकाळी एक. तू विसरभोळा, म्हणून बायकोसमोरच घे. आणि डबी घराबाहेर नेऊ नकोस, हरवशील."

महिन्यानं सगुण आला तो भिंत धरत धरत. गळ्यात स्वतःच अडकवलेली पाटी: 'नांव त्रातादु'. उभ्या जन्मात पहिल्यांदाच त्याची पाटी बरोबर निघाली.

"एकही गोळी घेतली नाहीस?"

"कशी घेणार, बाई? भावजयीच्या बाळंतपणाला बायको महिनाभर माहेरी."

"माहेर लांब आहे?"

"छे, आमच्या कुंपणाला लागूनच. ती रोज सकाळी तिथून ओरडून विचारायची, गोळी? मी उंबऱ्याच्या आत उभा राहून डबी दाखवायचो. बिचारी निश्चिंत व्हायची. पण डबी काही मी बाहेर नेली नाही, बाई."