द्वारकाने न काढलेली ओळ

एका डोंगरी राज्यात एक भाषा होती. माणसांनी बोलायची नव्हे, यंत्रांना काम सांगायची. तिचं नाव साळुंकी. पाटाचं पाणी कधी सोडायचं, शाळेत कोणत्या वर्गात किती मुलं बसवायची, दवाखान्यातून कोणत्या वाडीला कोणतं औषध पाठवायचं, हे सगळं तिथली माणसं साळुंकीत लिहीत आणि यंत्रं त्याप्रमाणे करत.

साळुंकी स्वतः काही हजार ओळींची बनलेली होती. तो तिचा सोर्स कोड. तो भाषाघरात असे आणि राज्यातल्या कोणालाही वाचता येई. भाषाघराचा नियम जुना होता. सुधारणा घेऊन आलेला माणूस कोण, हे विचारायचं नाही. सुधारणा मोजून बघायची आणि खरी ठरली तर घ्यायची.

तिथे द्वारका नावाची एक बाई काम करायची. भाषा एकच काम दोनदा कुठे करते, हे शोधायचं, एवढंच तिचं काम. यादीत एक नाव वाढवायचं झालं की साळुंकी सगळी यादी नव्याने उतरवून काढायची. द्वारकाने तिला आधीच थोडी मोकळी जागा धरून ठेवायला लावली. एखादा शब्द किती अक्षरांचा आहे, हे साळुंकी दर वेळी पहिल्यापासून मोजायची. द्वारकाने तिला एकदाच मोजून लक्षात ठेवायला शिकवलं. बदलाआधी शंभर वेळा आणि बदलानंतर शंभर वेळा ती यंत्र चालवून वेळ टिपायची. फरक पडला नाही, तर आठवडाभर खपून केलेला बदलही स्वतःच पुसून टाकायची.

अशा एका बदलाने वेग वाढायचा तो शंभरात एक, फार तर दोन. भाषाघरातली मंडळी हसायची. भाषाप्रमुखांना दरबारात सांगण्याजोगं मोठं काहीतरी हवं असायचं आणि द्वारकाच्या कामात तसं काही नसायचं. एकदा एका सहकाऱ्याने तिची समजूत घालावी म्हणून म्हटलं, की थेंबे थेंबे तळे साचे. द्वारका म्हणाली, “मला तळं साचवायचं नाहीये. गळती बंद करायचीय.”

त्या वर्षी शेजारच्या राज्याने आव्हान दिलं. त्यांची भाषा ससाणा, आणि ती वेगवान म्हणून दूरवर नावाजलेली. दोन्ही राज्यांच्या सीमेवर तापाची साथ आली होती. तीनशे वाड्यांमधल्या प्रत्येक घराला किती औषध द्यायचं, त्याची यादी लवकर व्हायला हवी होती. ठरलं असं, की जत्रेच्या दिवशी दोन्ही भाषांनी एकाच नोंदीवरून ती यादी करायची. जी भाषा जिंकेल ती पुढे दोन्हीकडच्या दवाखान्यांत चालेल. हरलेली भाषा तिथून उठेल.

भाषाप्रमुखांनी सगळा सोर्स कोड चाळला आणि त्यांना एक ओळ सापडली. यादीतलं कितवंही नाव मागा, साळुंकी ते देण्याआधी बघायची, की यादीत तेवढी नावं आहेत का. यादी चौघांची आणि पाचवा मागितला, तर ती तिथेच थांबायची. ही तपासणी ती दिवसातून लाखो वेळा करायची. ती काढली तर वेग एका झटक्यात शंभरात बारा वाढत होता. द्वारकाच्या वर्षभराच्या कामाएवढा.

त्यांनी द्वारकाला बोलावून ती ओळ काढायला सांगितली. द्वारका नाही म्हणाली.

भाषाप्रमुख शांतपणे म्हणाले, “द्वारकाबाई, ही तपासणी खरोखर कितीदा उपयोगी पडते?”

“लाखात एकदा. कधी तेवढीही नाही.”

“मग तुम्ही जन्मभर जी गळती शोधताय, ती हीच नाही का?”

“नाही. एकच काम दोनदा होतं, ती गळती. ही राखण आहे. राखणदारापुढे चोर रोज येत नाही, म्हणून त्याला घरी पाठवत नाहीत. मी ही ओळ काढणार नाही.”

भाषाप्रमुखांनी तिला आठवण करून दिली, की हा हुकूम आहे. द्वारका म्हणाली, की हुकूम लेखी द्यावा, म्हणजे त्याच कागदावर तिला नकारही लिहिता येईल. त्यांनी कागद दिला नाही. दुसऱ्या दिवशी तिची खुर्ची मात्र भाषाघरातून बाहेर काढली. ओळ त्यांनी स्वतःच्या हाताने खोडली.

द्वारका खुर्ची उचलून सरळ दवाखान्यात गेली. तिथले म्हातारे कंपाउंडर सदोबा तिच्या ओळखीचे होते. ती त्यांना म्हणाली, की मला एका यंत्राशेजारी बसू द्या आणि तुमच्या खऱ्या याद्या दाखवा. सदोबांनी औषधांच्या खोक्यांमधून जागा करून दिली.

तिथे बसल्यावर तिला जे दिसलं, ते भाषाघरात कधी दिसलं नव्हतं. तिथे ती मनाने रचलेल्या याद्यांवर मोजायची. इथे याद्या खऱ्या होत्या. अर्ध्याअधिक वाड्यांची नावं सारख्याच अक्षरांनी सुरू व्हायची, धाकटी अमुक, थोरली अमुक, आणि साळुंकी ती नावं एकेक अक्षर करून जुळवत बसायची. द्वारकाने आधी फक्त लांबी जुळवायला लावली. लांबीच वेगळी असेल तर पुढे बघायचं कारणच नव्हतं. एका घराचं औषध ठरलं, की साळुंकी ते ठरवण्यासाठी घेतलेली जागा सोडून द्यायची आणि पुढच्या घरासाठी पुन्हा मागायची. द्वारकाने तीच जागा पुन्हा वापरायला लावली. महिनाभरात असे एकतीस बदल झाले.

ते घेऊन ती भाषाघराच्या दारात गेली. भाषाप्रमुखांनी भेटायला नकार दिला. ती तिथेच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तिसऱ्या दिवशी पुन्हा. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती भाषाघराचा जुना नियम ऐकवायची. शेवटी भाषाघरातल्याच तिघांना लाज वाटली. त्यांनी बदल आत नेऊन मोजले. एकतीसच्या एकतीस खरे ठरले आणि घ्यावे लागले. पण ती खोडलेली ओळ भाषाप्रमुखांनी परत घातली नाही.

जत्रेच्या दिवशी मैदानात राणीसाहेब येऊन बसल्या. दोन यंत्रं मांडलेली होती, एक ससाण्याचं, एक साळुंकीचं. तेवढ्यात द्वारका दवाखान्यातलं यंत्र हातगाडीवर घालून घेऊन आली. तिने राणीसाहेबांना सांगितलं, की ही पण साळुंकीच आहे, माझ्या बदलांसकट आणि त्या ओळीसकट. हिलाही धावू द्या. भाषाप्रमुख म्हणाले, की या बाईंना भाषाघरातून काढलेलं आहे. द्वारका म्हणाली, “मला काढलंय, साळुंकीला नाही.” राणीसाहेबांनी तिसरं यंत्र मांडायला सांगितलं.

नोंदी घातल्या आणि तिन्ही यंत्रं सुरू झाली. भाषाप्रमुखांची साळुंकी सगळ्यांत आधी संपली. तिच्यामागे थोड्याच वेळात ससाणा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फेटे उडवले. द्वारकाचं यंत्र मात्र मध्येच थांबलं होतं. पडद्यावर एकच वाक्य होतं: दोनशे चौदाव्या वाडीत सतरा घरं आहेत, अठरावं मागितलं जात आहे.

लोक हसले. शेजारच्या राज्याचे अधिकारी म्हणाले, की जी भाषा अडून बसते ती शर्यतीत कशाला आणावी. द्वारका जागची हलली नाही. ती मोठ्याने म्हणाली, “हसा. पण आधी त्या दोन याद्यांमध्ये अठराव्या घरापुढे काय लिहिलंय, ते सदोबांना वाचू द्या.”

सदोबांनी चष्मा लावला आणि पहिली यादी उघडली. दोनशे चौदाव्या वाडीतलं एक कुटुंब गेल्या वर्षी गाव सोडून गेलं होतं. नावांतून ते वगळलं होतं, पण घरांचा आकडा अठराच राहिला होता. अठरावं नाव नव्हतंच. मग भाषाप्रमुखांच्या साळुंकीने यंत्राच्या स्मरणात शेजारी जे पडलं होतं, ते उचललं. ते होतं पुढच्या वाडीतलं पहिलं घर, आणि तिथे आजारी होतं आठ महिन्यांचं एक बाळ. त्याच्यापुढे मात्रा लिहिली होती मोठ्या माणसाची. आणि तिथून पुढे शेवटच्या वाडीपर्यंत प्रत्येकाचं औषध एकेका घराने सरकलं होतं. सदोबांनी दुसरी यादी बघितली. ससाण्यानेही तेच केलं होतं.

सदोबांनी दोन्ही याद्या मिटून बाजूला ठेवल्या. ते म्हणाले, “मी हीच यादी घेऊन उद्या सकाळी निघणार होतो.”

द्वारका यंत्रापाशी गेली, अठराच्या जागी सतरा केलं आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. तिची यादी सगळ्यांत शेवटी संपली. सदोबांनी ती वाडीवार तपासली. एकही चूक निघाली नाही. ते थांबणं वगळलं, तर ती ससाण्याहून पापणी लवेल इतकीच मागे होती.

राणीसाहेबांनी दोन्हीकडच्या दवाखान्यांसाठी तीच साळुंकी निवडली. शेजारच्या अधिकाऱ्यांनीही वाद घातला नाही. त्यांची एक बाई येऊन द्वारकाला म्हणाली, की आमच्याकडेही अशी ओळ होती, तीन वर्षांपूर्वी वेगासाठी काढली. भाषाप्रमुखांनी खाली मान घालून चूक कबूल केली. मग राणीसाहेबांनी द्वारकाला विचारलं, की तुला काय हवंय.

द्वारका म्हणाली, “मला ती ओळ परत हवीय. आणि तिच्या वर एक सूचना हवीय, ती मी लिहीन.”

त्याच दुपारी तिने ओळ परत घातली आणि वर सूचना लिहिली. साळुंकीचा सोर्स कोड उघडणाऱ्याला ती आजही वाचावी लागते: ‘खालची तपासणी काढल्यास वेग शंभरात बारा वाढतो. हे आम्हाला माहीत आहे. तरी काढायची असेल, तर आधी ज्यांचं औषध चुकेल, त्यांच्या घरी जाऊन परवानगी आणावी.’

त्यानंतर कित्येक भाषाप्रमुख आले आणि गेले. परवानगी आणायला अजून कोणी गेलेलं नाही.

तात्पर्य: वायफळ कष्ट कितीही बारीक असोत, शोधून काढावेत; पण राखण करणारे कष्ट वाचवायला कोणी सांगितलं, तर तो कितीही मोठा असो, त्याला तोंडावर नाही म्हणावं.