द्वारकाबाई सायाळ आणि हाकेची दरी

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. ज्याने डोळ्यांनी पाहिली त्याच्याच तोंडून ऐकलेली. म्हणजे त्यानेही ती ऐकलीच होती, आणि घडली तेव्हा तो मामाकडे गेला होता. पण तेवढं सोडलं तर खरी.

त्या मुलखात कुणालाच काही ठाऊक नसे आणि त्याचं कुणाला काही वाटतही नसे, कारण मुलखाच्या मधोमध एक दरी होती. दरीत लाखो पाखरं राहत. काठावरून हाक घातली, की हाकेतला एखादा शब्द ज्याच्या तोंडी असेल ते पाखरू वर येई आणि ठाऊक असलेलं सगळं सांगून मोकळं होई. खरं-खोटं बघणं हे काही दरीचं काम नव्हतं.

द्वारकाबाई सायाळ दरीकडे कधी फिरकली नव्हती. ते सगळं नवरा बघायचा. उन्हाळ्यात तो गेला, आणि पाणवठ्यावरची त्यांची जागा दरसाल पक्की करून घ्यायला काय लागतं, हे सांगायचं राहूनच गेलं. पाणवठ्याचा कारभार गेंडेसाहेबांकडे. साहेब प्रश्नाला उत्तर देत नसत. चुकीचं काही आणलं की मान हलवून डोळे मिटत. पौर्णिमेच्या सूर्यास्तापर्यंत काम झालं नाही तर जागा शेजारच्या रानडुकराला जाणार होती, आणि बाईच्या चार पिल्लांना पाण्यासाठी तीन डोंगर तुडवावे लागणार होते. हातात पाच दिवस होते.

थोरामोठ्यांना कामाचं विचारण्याआधी ख्यालीखुशाली विचारायची, अशी त्या मुलखाची रीत. दरीएवढं थोर दुसरं कोण? द्वारकाबाईने काटे नीट बसवले आणि हाक घातली, "दरीमाउली, नमस्कार गं! प्रकृती बरी ना? मी द्वारका. नवरा नाही, चार पिल्लं आहेत. मेहेरबानी करून पाणवठ्याच्या जागेला काय लागतं तेवढं सांगशील का?"

आभाळ काळं झालं. 'प्रकृती' ऐकून आलेल्या सुतारपक्ष्यांनी तिची जीभ तपासली आणि ती जेमतेम आठवडा काढेल असं एकमताने ठरवलं. 'पिल्लं' ऐकून आलेल्यांनी पिल्लांना ठेवायला बाराशे नावं वाचून दाखवली. 'नवरा नाही' ऐकून आलेल्या साळुंक्या तर हटेचनात. बाई घरी आली, कंद खायला बसली, तरी पानाआडून आवाज येतच होता. "विधुर आहे, स्वतःचं बीळ आहे, काटे अजून काळेभोर!"

दोन दिवस त्यातच गेले. तिसऱ्या दिवशी ती परत गेली तेव्हा काठावर केरबा खेकडा ऊन खात होता.

"काय द्वारकाबाई, लग्न ठरलं म्हणे?"

"जळलं मेलं लग्न! केरबाभाऊ, ही दरी बहिरी आहे का हो?"

"बहिरी कशानं? तुम्ही बोलता ते सगळंच ऐकते, तीच तर अडचण. तिला नमस्कार कशाला घालताय? उत्तराच्या तोंडी जे शब्द असतील तेवढेच टाका खाली."

बाईला हे फार उद्धट वाटलं. तिने मनातल्या मनात दरीची माफी मागितली आणि ती ओरडली, "पाणवठा! जागा! पक्की!"

या वेळी पाखरं थोडी आली. पुढे गळ्यात झेंडूच्या माळा घातलेले तीन पोपट. "पाच कंद द्या, घरबसल्या करून देतो." त्यांच्या मागून एक कावळा ठणकावून म्हणाला, "तीन मोरपिसं. बस्स." इतक्या खात्रीने बोलणारा खोटं कसं बोलेल? बाई दोन दिवस मोरांच्या मागे फिरली आणि पौर्णिमेच्या सकाळी पिसं घेऊन गेंडेसाहेबांपुढे उभी राहिली. साहेबांनी मान हलवली. डोळे मिटले.

ती रडतच दरीवर आली. केरबाने विचारलं, "कावळा ते कधीचं सांगत होता?"

कावळ्याला पुन्हा बोलावलं. तो म्हणाला, "हत्तीसाहेबांच्या वेळचं. तीन वर्षं झाली. तुम्ही विचारलंत कुठे?"

द्वारकाबाईचे सगळे काटे उभे राहिले. मग तिने ते एकेक करून खाली बसवले, डोकं शांत केलं आणि हाक घातली, "पाणवठा! जागा! गेंडेसाहेब! यंदा!"

माळवाले पोपट आलेच. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. सगळ्यांच्या शेवटी एक मळकट गायबगळा आला. आवाज असा की ऐकता ऐकता झोप यावी.

"तुम्ही राहता कुठे?" बाईने आधी हे विचारलं.

"गेंडेसाहेबांच्या पाठीवर."

"बोला."

"सर्व पिल्लांच्या पायांचे ठसे, ओल्या मातीवर, आजच्या तारखेचे."

बाई उठली, पुन्हा बसली, आणि दुसऱ्या बाजूला वळून तिने एका भारद्वाजाला विचारलं, ज्याची आणि बगळ्याची ओळखही नव्हती. त्याने त्याच सकाळी जागा पक्की केली होती. "ठसेच," तो म्हणाला, "पण मातीत पानं नकोत, साहेबांना शिंका येतात."

चार पिल्लांना मातीवर स्थिर उभं करणं ही वेगळीच लढाई. धाकटं तर त्यात लोळलं. सूर्य डोंगराला टेकला असताना मातीचं ढेकूळ साहेबांपुढे गेलं. साहेबांनी हुंगलं. मान हलली नाही. पिल्लं तोंडं बुडवून पाणी पिऊ लागली, आणि लांब दरीवरून रानडुकराचा अदबशीर आवाज आला, "माउली, नमस्कार! घरचे सगळे कसे आहेत?"

आता राहवत नाही म्हणून कबूल करतो: एक गोष्ट मी वाढवून सांगितली. सायाळ, खेकडा, साळुंक्या, सगळे आहेत तसेच आहेत. दरी तेवढी मुलखाएवढी नव्हती. ती तळहातावर मावायची, आणि संध्याकाळी वायर लावून भिंतीपाशी ठेवली नाही तर सकाळी काळीठिक्कर पडून असायची.