पुढे जागा आहे

"बुवा, माझ्यातला कंडक्टर मरणार तरी कधी?"

नरहरबुवा सभामंडपात बसून तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"का रे? काय केलं त्याने?"

जालिंदर एस. टी.त कंडक्टर होता. कीर्तनकार व्हायचं म्हणून त्याने लांब रजा काढली होती. काल त्याचं पहिलं कीर्तन झालं. आज डेपोत हजर व्हायचं, नाहीतर राजीनामा द्यायचा.

"सुदाम्याचं आख्यान लावलं होतं. एक शब्द चुकलो नाही. एवढं पाठांतर तुमच्या जुन्या शिष्यांचंही नसेल."

"नसेलच. मग?"

"सुदामा द्वारकेच्या दारात पोचला. म्हाताऱ्या डोळे पुसायला लागल्या. आणि मी..."

"आणि तू?"

"ओरडलो. 'चला, पुढे सरका! पुढे जागा आहे, दारात गर्दी करू नका!'"

बुवांच्या हातातलं सूप हललं. मग बुवाच हलायला लागले. हसता हसता तांदूळ मांडीवर सांडले.

"डबल बेल नाही ना दिलीस?"

"थट्टा करू नका, बुवा. अख्खं देऊळ हसलं. पेटीवाल्याने तर तिकीट मागितलं!"

"दिलंस का?"

जालिंदरने कपाळावर हात मारला.

बुवांनी डोळे पुसले. सांडलेले तांदूळ वेचत विचारलं, "लोक सरकले का?"

"सरकले की. सवयच असते."

"मग?"

"मग काय... पायरीवर बरीच बायामाणसं ताटकळली होती. ती आत आली."

"सगळी?"

"सगळी."

बुवांचे हात थांबले.

"माझा जन्म कीर्तनात गेला, जालिंदर. पायरीवरचे पायरीवरच राहिले."

"ते असेल. पण ही काही कीर्तनाची रीत नव्हे. मला तो जुना माणूस पुसून टाकायचाय. तो जात नसेल, तर मी आपला डेपोत जातो."

...

बुवांनी सूप बाजूला ठेवलं. उठले. आपलं उपरणं काढून जालिंदरच्या खांद्यावर टाकलं. कोनाड्यातल्या चिपळ्या त्याच्या हातात दिल्या.

मग उंबरा ओलांडून ते अनवाणी पायरीवर जाऊन उभे राहिले. बाहेर ऊन रणरणत होतं.

"अहो बुवा, पाय भाजतील! तिकडे कुठे?"

बुवांनी दारातून आत डोकावून हात जोडले.

"बोला, जालिंदरबुवा. मी बाहेर उभा आहे."