अर्ध्या टांगंची म्हस

त्या मुलखात ज्याची सावली जेवढी, त्यो तेवढा. अंगाकडं कुनी बघत नव्हतं. पाठ केवढी, पोट केवढं, शिंगं कुठवर गेली, असलं इचारनं म्हंजी अडानीपना. सावली किती, तेवढं बोला.

वर्सातनं एक दिस टेकडीच्या उतारावर मोजनी व्हायची. मोजायचा बगळा. बगळ्यासारखं सबुरीनं पाऊल टाकनं दुसऱ्या कुनाला जमत न्हाई, म्हनून ते काम त्याच्याकडं. सावलीच्या कडंकडंनं त्यो टांगा टाकीत जायाचा, त्याचं एक पाऊल म्हंजी एक टांग, आन् टोकाला पोचला की मान उंच करून आकडा सांगायचा. सुतारपक्षी तेवढ्या टोच्या वडाच्या बुंध्यावर मारायचा. टोची एकदा पडली की पडली. मंग वरीसभर सगळं त्या टोच्यांवर. तळ्यावर आधी पानी कुनी प्यायचं, किती प्यायचं, कुनी कुनाला वाट द्यायची, सगळं.

मोजनी उगवतीला सुरू व्हायची आन् सूर्य डोक्यावर आला की बंद. आता उगवतीला सावली लांब पडती आन् दुपारी पायात गोळा व्हती, हे त्यास्नी ठावं नव्हतं व्हय? रोज बघत व्हते की. पन रोजचं बघनं येगळं आन् मोजनी येगळी.

त्या वर्सी पयला नंबर सरड्याचा लागला. त्याला काय मोजनीचा सोस नव्हता. थंडीनं आखडल्यालं अंग शेकायला त्यो उतारावरच्या मोठ्या धोंड्यावर चढून बसला व्हता. सूर्य वर आला. धोंड्याची सावली, आन् तिच्या टोकाला सरड्याचं डोस्कं, अशी एकच काळी पट्टी पार वढ्यापतोर गेली. धोंडा कुठं संपला आन् सरडा कुठं सुरू झाला, हे बगळ्यानं बघितलं न्हाई. ते त्याचं कामच न्हाई. चाळीस टांगा भरल्या. टोच्या मारून मारून सुतारपक्ष्याची चोच दुखून आली. त्या दिसापास्नं सरड्याचा सरडेराव झाला.

शेवटचा नंबर भिंगरीचा. भिंगरी म्हंजी म्हस, आन् म्हस म्हंजी कशी, तर उभी राहिली की मागचं झाड दिसायचं न्हाई. पन ती पहाटंच व्याली व्हती. पारडीला चाटून पुसून पायावर उभी करूस्तवर सूर्य डोक्यावर आला. बगळा तिच्याभवती दोनदा फिरला. रीत अशी, की पायाच्या भायेर पडंल तेवढीच सावली धरायची, पोटाखालची ज्याची त्याची खाजगी. भायेर नुसत्या शेपटीच्या गोंड्याची सावली घावली.

"अर्धी टांग," बगळा म्हनला.

"बगळंदादा, नीट बघा की जरा. मी म्हस हाय."

"म्हस न्हाईस असं कुठं म्हनलं, बाई? म्हसच हाईस. अर्ध्या टांगंची."

सुतारपक्ष्यानं अर्धी टोची मारली. त्याला तर बरंच वाटलं.

पयले चार दिस भिंगरी डोळे लाल करून फिरली, चारदा फुरफुरली, एक बाभळ मोडली. पाचव्या दिसापास्नं तिला पटाय लागलं. सगळे एकच सांगत्यात, झाडावर कोरल्यालं हाय, तवा आपल्याच डोळ्यात कायतरी गेलं असंल. मंग ती मुंग्यांच्या रांगंला वाट द्याया लागली. तुडवतील म्हनून. पाऊस आला तर गवताच्या काडीखाली नाक घालून उभी ऱ्हायची, आन् सगळं अंग भिजलं की म्हनायची, आज काडी गळती.

उंदरीन बारा टांगांची व्हती, उगवतीला आल्ती ना. तिला भिंगरीची दया आली. ती म्हनली, माझं घर मोठं हाय, लाजू नगंस, कोपऱ्यात पडून ऱ्हा. भिंगरीनं बिळात तोंड घातलं. एक नाकपुडी गेली आन् अडकली.

"आत दुसरं कुनी हाय का, मावशी?"

"कुनी न्हाई गं. ये की, सरकून घे."

"मंग तुमचं बीळच आवळलंय. मोठ्यांच्या घराला असं व्हतंच."

तिकडं सरडेरावाची गत काय न्यारी नव्हती. वडाच्या फांद्या दहा हात वर, पन त्यो त्यांच्याखालनं मान खाली घालून जायाचा, डोस्कं आपटंल म्हनून. वाटंत गाढव भेटलं की सांगायचा, बाजूला हो बाबा, पायाखाली घावशील. आन् ते गाढव खरंच उडी मारून बाजूला व्हायचं. खायाला त्याला मानाची वैरन यायची, ढीगच्या ढीग. सरडा कवा वैरन खातो का? त्याला माशी पायजे व्हती. पन चाळीस टांगांच्या असामीनं माशीमागं पळावं, हे शोभंना. माशी दिसली की जीभ आपसूक भायेर यायची, त्यो ती तशीच मागं गिळायचा. वाळून पार काडी झाला. लोक म्हनायचे, उंच मान्सं सडपातळच असत्यात.

पन खरा जीव चालला व्हता त्यो पारडीचा. अर्ध्या टांगंला पानी मिळायचं खूरभर, तेबी सगळ्यांच्या मागनं, गाळासकट. खूरभर पान्यावर दूध कुठनं यायचं? पारडी आचळं वढून वढून दमायची आन् मटकन खाली बसायची. भिंगरी तिला समजवायची की बाई, अर्ध्या टांगंला एवढंच दूध येतं. पारडीला मोजनी कळत नव्हती. भूक कळत व्हती.

तशात रानडुकरांनी टेकडीवर कंद उकरता उकरता त्या धोंड्याखालची माती काढली. धोंडा सुटला त्यो गडगडत खाली आला आन् नेमका झऱ्याच्या तोंडावर बसला. तळ्याला पानी त्याच झऱ्याचं. आठ दिसात तळ्याचा चिखल झाला, पुढच्या चार दिसात चिखलाला भेगा पडल्या.

सगळे जमले. धोंडा कोन हालवनार, ह्यात इचारायचं काय व्हतं? वडावर कोरल्यालं व्हतं. सरडेरावाला वाजतगाजत आनलं. ज्या धोंड्यावर बसून त्यो मोठा झाला, त्याच धोंड्याला आता त्यानं पाठ लावली. जोर केला. लाल झाला, हिरवा झाला, पिवळा झाला. तीन दिस झाले. बगळा रोज येऊन धोंड्याकडं एक डोळा झाकून बघायचा आन् सांगायचा, हाललाय, पन एवढ्या मोठ्या ताकदीचं हालनं आपल्यासारख्यांच्या डोळ्याला दिसत न्हाई. लोक कोरड्या घशानं जयजयकार करायचे.

भेगांत खड्डा खनून जे पानी झिरपायचं, तेबी तोडायची येळ आली तवा पयलं भिंगरीचं तोडलं. चौथ्या दिसी पारडी उठंना. भिंगरीनं तिला चाटलं, पन जिभेलाच वल नव्हती. वरनं अंगाला चिखल न्हाई, जुना चिखल वाळून तडकल्याला, आन् पाठीला अशी खाज की डोस्कं फिरायची पाळी. भर दुपारची ती तरातरा धोंड्याकडं गेली. तिथं सरडेराव चारी पाय पसरून पडला व्हता.

"बाई," त्यो हळूच म्हनला, "कुनाला सांगू नगंस. माझ्याच्यान ह्यो हालत न्हाई."

"तुमच्याच्यान न्हाई? चाळीस टांगांचं तुम्ही."

"मला भूक लागलीया. मला एक माशी पायजे."

भिंगरीला त्याची कीव आली. म्हनली, एवढा मोठा जीव, त्याला भूकबी मोठीच लागत असंल. मंग तिनं आपलं मागनं केलं. "सरडेराव, जरा सरकून बसता का? घडीभर पाठ खाजवती. माझं एवढंसं अंग, तुमच्या कामाला अडचन व्हायची न्हाई."

सरडेराव सरकला. भिंगरीनं धोंड्याला पाठ लावली आन् घासली. एकदा घासली, बरं वाटलं. डोळे मिटून दुसऱ्यांदा घासली. तिसऱ्यांदा पाय रोवून अशी घासली, की धोंडा डुलला, कुशीवर झाला आन् धडधडत वढ्यात जाऊन पडला. मागनं पानी असं उसळलं की भिंगरीच्या पोटावर सपकारा बसला.

ती भेदरली. "चुकलं माझं, सरडेराव. धक्का लागला वाटतं. तुमचा धोंडा पडला."

 सरडेरावानं तिच्याकडं बघाया मान वर केली. वर, आनखी वर. मानंत कळ येऊस्तवर वर.

तवर आवाज ऐकून सगळे पळत आले. बगळ्यानं पानी बघितलं, सरडेराव बघितला, आन् जयजयकार सुरू केला. सरडेराव दोन्ही हात हालवून न्हाई न्हाई म्हनत व्हता. लोक म्हनले, बघा, मोठेपना असा असतो.

दिस कलाया लागला तवर तळं काठोकाठ भरलं. बगळा काठावर उभा राहून नंबर पुकाराया लागला. पयला सरडेराव. त्यो पान्यात उतरला, आन् पान्याला एक सुरकुती पडली न्हाई. कमळाच्या पानावर चढला, पान वाकलं न्हाई. काठावर जरा कुजबूज झाली. बगळा म्हनला, पानी दबून हाय, मोठ्यांपुढं दबावंच लागतं. मंग त्यानं दुसरा नंबर पुकारायला मान उंच केली.

तेवढ्यात पारडी, जी उठत नव्हती, ती पान्याच्या वासानं उठली. धडपडत, रांग मोडून, सरळ पान्यात. तिच्या मागं भिंगरी.

"अर्धी टांग मागं!" बगळा वरडला.

भिंगरी तवर पान्यात बसली व्हती.

तळं उठलं. चारी बाजूनं काठावरनं पानी सुटलं. बेडकं गवतात जाऊन पडली, गाढवाचं पोट भिजलं, उंदरीन एका वाळल्या पानावर बसून वडापतोर वाहत गेली आन् तिथनं वरडली की कुनी म्हस बुडाली का काय ते बघा रे. बगळ्याच्या गुडघ्याला पानी लागलं. भिंगरीनं कूस बदलली, तवा त्याच्या मांडीला लागलं. कुनी हसाया लागलं, मंग सगळेच हसाया लागले, आन् नंबर बिंबर सोडून जो त्यो जिथं उभा व्हता तिथंच पानी प्याला, कारन पानीच त्याच्यापतोर आलं व्हतं.

भिंगरी पोटभर प्याली, आनखी एकदा पोटभर प्याली, आन् उठून उथळात उभी राहिली. पारडी पोटाखाली शिरून धारा वढाया लागली. तिच्या तोंडाच्या दोन्ही कडंनं फेस गळत व्हता. कमळाचं पान हिंदकळत आलं आन् शिंगाला टेकलं, तसा सरडा शिंगावर चढला. कानाभवती माशांचं मोहळ. त्यानं इकडं तिकडं बघितलं न्हाई. सट्कन जीभ काढली आन् एक माशी खाल्ली. मंग दुसरी. भिंगरीनं कान हालवला न्हाई, त्याला नीट खाऊ दिलं.

मावळतीच्या उन्हात त्या दोघांची सावली पडली. तळ्यावरनं, काठावरनं, गवतावरनं, पार टेकडीवर चढत गेली, आन् तिच्या टोकाला एवढंसं डोस्कं जीभ काढत व्हतं. बगळ्यानं सवयीनं मोजायला एक टांग उचलली. सावलीकडं बघितलं, मंग म्हशीकडं बघितलं, मंग शिंगावरच्या सरड्याकडं. उचलल्याली टांग कुठं ठेवावी हे त्याला कळंना.

त्यो अजून तसाच पान्यात उभा हाय, एका पायावर.